विचारपुशा तट्टाची भिंत

मावशीला खरं बोलता येत नव्हतं असं नाही. यायचं. पण नुसतं खरं तिला अंगाला घट्ट बसलेल्या पोलक्यासारखं वाटायचं, हात वर केला की काखेत उसवलंच. मावशी शिलाईचं काम करायची, आणि कापडात जशी बोटभर माया सोडायची तशीच बोलण्यातही सोडायची. शेजारच्या घरात मांजर शिरलं, एवढीच बातमी असली, तर मावशीच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्या मांजराने दूध प्यायलेलं असायचं, मिशा पुसलेल्या असायच्या आणि पातेल्यावर झाकण परत ठेवलेलं असायचं. गल्ली तिला तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठीमागे थापाडी मावशी. हे दुसरं नाव तिला मनातून फार आवडायचं.

ती राहायची ते घर म्हणजे मुळात घर नव्हतंच. हमरस्त्याच्या कडेला एका ओळीत दगडी खोल्या होत्या. साहेबाच्या राज्यात तिथे घोड्यांची पैदास चालायची. मावशीचा आजेसासरा त्या पागेत मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, लीद, सगळं त्याच्याकडे. साहेब गेले, घोडे गेले, आणि घोड्यांशेजारी झोपणारी माणसं घोड्यांच्या जागी झोपायला लागली. आता त्या ओळीत एक घड्याळजी होता, एक खानावळवाला होता, एक न्हावी होता, आणि मधोमध मावशी. दारं अजून तीच होती, आडवी दोन तुकड्यांत कापलेली. वरचा तुकडा उघडून मावशी रस्ता बघायची, खालचा लावून ठेवायची. फरशीला मधल्या गटाराकडे उतार होता. घोड्यांचं पाणी वाहून जावं म्हणून केलेला तो उतार, त्यामुळे मावशीच्या हातून पडलेलं प्रत्येक बटण गडगडत तिथेच जायचं. नवं गिऱ्हाईक बटण शोधायला पलंगाखाली वाकलं की मावशी हसून गटाराकडे बोट दाखवायची.

आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीत मनगटाएवढी जाड लोखंडी कडी होती. मावशी तिला झारे-पळ्या अडकवायची. पागेतला सगळ्यात मोठा, बोटीतून आणलेला घोडा तिथे बांधत, असं तिला सासूने सांगितलं होतं. त्या घोड्याला मोतद्दार लाटसाहेब म्हणायचे. मावशीच्या पोतडीतल्या गोष्टींपैकी ही एकच अशी होती, जिच्यात तिने स्वतःचा एक धागाही घातला नव्हता. बहुतेक त्यामुळेच ती कधी सांगितली नव्हती.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगते. मुलगा आणि सून राहायचे ती खोली एवढीशी, की पलंग टाकला तर दार उघडेना आणि दार उघडलं तर पलंग मावेना. त्यात सुनेला दिवस गेलेले. सुनेने शहरातलं एक भाड्याचं घर बघून ठेवलंय, अशी मावशीची खात्री होती. मावशीला तसं कुणी बोललं नव्हतं, पण घराचा फोटो मावशीने पाहिला होता. खिडक्या होत्या त्याला, एक सोडून दोन. त्या दिवसापासून मावशीचं मशीन सरळ चालेना. मग तिने ठरवलं, स्वयंपाकघर आणि त्या खोलीमधली खांद्याएवढी भिंत पाडायची, स्वयंपाकघर पुढे घ्यायचं आणि घोड्याच्या दोन ठाणांची मिळून एक ऐसपैस खोली करायची. नातवंड रांगायला लागलं की बटणासारखं उतारावरून जाईल तिकडे जाईल, पण जाईल आजीच्या डोळ्यांसमोर. गवंडी सोमवारी येणार होता.

आणि शुक्रवारी न्हावी बातमी घेऊन आला. सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्यातली बाई येतेय. पागेचा फलक लावायचा आहे रस्त्यावर, दगडाचा चौथरा, वर पत्रा, पत्र्यावर अक्षरं. सगळी ओळ खूश झाली. न्हावी पुढे म्हणाला, फक्त एक आहे, ज्या घराला असला फलक चिकटला त्या घरात पुढे खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांचं बघा. त्यांच्या घरी कुणी मिशाळ पुढारी एक रात्र झोपून गेला म्हणून फलक लागला, तेव्हापासून बिचारे वाळत घालायची दोरीसुद्धा बांधू शकत नाहीत, कपडे घरात खुर्च्यांवर टाकतात.

मावशीच्या हातातली कात्री थांबली. मास्तरांचे कपडे खुर्च्यांवर असतात हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

खात्याची बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पायात बूट, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी. ती ओळीच्या टोकापासून एकेक घर करत आली, आणि मावशीकडे पोचेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर एक थकलेलं हसू आलं होतं. मावशीने त्याआधीच झारे-पळ्या उतरवून कडीवर आपला ओला परकर पसरला होता.

बाईने विचारलं, पागेतला मुख्य घोडा नेमका कुठे बांधत, ते मला हवंय. तुम्हाला काही माहीत आहे का?

माहीत नाही, एवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मावशीला हे वाक्य आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

ती म्हणाली, अहो मॅडम, कुठला मुख्य घोडा घेऊन बसलात. आमच्या घराचं नशीब फुटकं. लाटसाहेब इथे नव्हताच. इथे विचारपुशा असायचा.

बाईने मोजपट्टी खाली ठेवली.

मग मावशीने सांगितलं. तो लाटसाहेब बंगल्याच्या किमतीचा घोडा. आणि घोडी म्हणजे काय, मनात नसलं की लाथ घालते. लाटसाहेबाचा पाय मोडला तर साहेबाची नोकरी जायची. म्हणून एक तट्टू पाळलेलं. बुटकं, मळक्या रंगाचं, पुढचे दात बाहेर. आधी ते न्यायचे घोडीपुढे, मध्ये आडोसा ठेवून. त्याने गोड गोड खिंकाळायचं, मान वेळावायची, विचारपूस करायची. घोडी चिडली तर लाथा याने खायच्या, चावे याने सोसायचे. आणि घोडी जरा हसली, कान मऊ केले, की मोतद्दार याला मागून दोरीने ओढून बाहेर न्यायचे आणि लाटसाहेबाला आत आणायचे. लाथा याच्या, संसार त्याचा. जन्मभर बिचाऱ्याने दुसऱ्याचीच लग्नं जमवली.

इथपर्यंत मावशीने सांगितलं त्यातलं पुष्कळसं सासूकडूनच आलेलं होतं. इथे थांबली असती तर निभावलं असतं. पण समोरची बाई तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि ऐकणारा हसायला लागला की मावशीच्या जिभेला उतार मिळायचा.

ती उठली आणि भिंतीवर थाप मारून म्हणाली, ही भिंत. हाच तो आडोसा. तो या बाजूला, घोडी त्या बाजूला. वरचा काठ बघा, दगड गुळगुळीत झालाय ना, तिथे हनुवटी टेकून तो पलीकडे बघत उभा राहायचा. घोडी गेल्यावरसुद्धा.

दगड गुळगुळीत झाला होता तो मावशी तिथे सुनेच्या पोळ्यांची परात टेकवायची म्हणून.

बाई उठली. तिने त्या दगडावरून हात फिरवला. मुख्य घोड्यांचे फलक पैशाला पासरी आहेत मावशी, ती म्हणाली. पागेच्या जुन्या अहवालात एक ओळ आहे, ‘एक तट्टू, चाचणीसाठी.’ बस, नाव नाही, गाव नाही. त्याच्याबद्दल बोलणारं माणूस मला आज भेटलं. "फलक इथेच. दुसरीकडे कुठे नाही. आणि ही भिंत फोटोत हवीच. दुपारी फोटोवाल्याला घेऊन येते."

ती गेली तेव्हा मावशी त्याच भिंतीला पाठ लावून खाली बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्या घरात एक भिंत जाऊ द्यायची होती, आणि नेमक्या त्याच भिंतीवर तिने स्वतः थाप मारली होती.

सून आतल्या खोलीत होती. म्हणजे भिंतीपलीकडे. म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. ती दारात येऊन म्हणाली, "आई, तुम्ही नुसतं माहीत नाही म्हणाला असता तरी चाललं असतं." त्यात राग नव्हता. राग असता तर मावशीला बरं वाटलं असतं. तिला त्या स्वरात दोन खिडक्या ऐकू आल्या.

काट्याने काटा काढायचा, तसं थापेने थाप काढायची, एवढाच मार्ग आता उरला. मावशीने पायात चप्पल सरकवली आणि रस्ता ओलांडून दिराकडे गेली.

दीर पंक्चर काढायचा. त्याच्या टपरीपुढे घोड्यांची पाणी प्यायची जुनी दगडी डोणी होती, आणि त्यात ट्यूब बुडवून तो बुडबुडे बघायचा. देवाने एका घरात मावशी घातली म्हणून तोल सांभाळायला हा दीर घातला असावा. त्याला खोटं बोलताच येत नसे. गिऱ्हाइकाने विचारलं की ही ट्यूब किती दिवस टिकेल, तर हा म्हणायचा, कोपऱ्यापर्यंत. मग गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुसऱ्या पंक्चरवाल्याकडे जायचं.

मावशीने सगळा प्रकार सांगितला. दीर बुडबुडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नका भावजी. खरंच बोला. पण मी विचारेन तेवढंच."

दुपारी बाई फोटोवाल्याला घेऊन आली, तशी मावशीने तिला दारातूनच वळवलं आणि डोणीपाशी नेलं. म्हणाली, मॅडम, सकाळी माझा घोटाळा झाला. म्हातारपण. आमचे भावजी खुद्द मोतद्दाराचे नातू आहेत, ते सांगतील ते खरं. काय हो भावजी, ते तट्टू घरात राहायचं असं तुमच्या आजोबांनी कधी सांगितलं तुम्हाला?

"नाही," दीर म्हणाला. आजोबांनी त्याला तट्टाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"आणि झाडून सगळी जनावरं पाणी प्यायला कुठे यायची?"

"इथे. या डोणीवर."

"म्हणजे तट्टूसुद्धा."

"तहान लागली तर आलंच असेल."

मावशी बाईकडे वळली. बघा, म्हणाली, त्याला चार भिंतींत कोंडायचेच नाहीत. उभा असायचा तो इथे, रस्त्यावर, डोणीशी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक घोडीची विचारपूस करत. फलक लावायचा तर तो डोणीपाशी. आमच्या भिंतीत काय आहे, चुना आणि मुंग्या.

बाईने मान हलवली. मग तिने नको तो प्रश्न विचारला, आणि तो मावशीला नाही, थेट दिराला. "मग यांच्या स्वयंपाकघरात कोण बांधलेलं असायचं?"

मावशीने दिराकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर ट्यूबऐवजी स्वतः डोणीत बुडाला असता. पण दिराने ओले हात पायजम्याला पुसले आणि म्हणाला, "लाटसाहेब. कडी आहे ना भिंतीत."

संपलं, मावशीला वाटलं. भावजींच्या तोंडात तीळ भिजायचा नाही हे ठाऊक असून तिने त्यांना साक्षीला उभं केलं होतं.

पण बाई खदखदून हसायला लागली. म्हणाली, "काका, तुम्हीसुद्धा?" मग तिने सांगितलं, की सकाळपासून ओळीतल्या प्रत्येक घराने तिला आपापल्या भिंती दाखवल्या होत्या. घड्याळजीकडे लाटसाहेब मोरीत राहायचा, खानावळवाल्याकडे भटारखान्यात, न्हाव्याने तर आपल्या फिरत्या खुर्चीची जागा दाखवली होती. लाटसाहेब इतक्या घरांत राहिला असेल तर तो घोडा नव्हे, भाडेकरू म्हणायचा. फक्त मावशी एकटी अशी निघाली, की जिने आपल्या घरी फालतू तट्टू होतं असं कबूल केलं. आपल्या घराची अशी शोभा कोण उगाच करून घेईल? म्हणून मावशीवर तिचा विश्वास बसला होता.

दीर गोंधळून म्हणाला, पण मी खरं सांगतोय. बाई म्हणाली, हो काका, हो. फोटोवाल्याने डोणीचा फोटो काढला.

मावशीचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात तिने बाईला चहाला बोलावलं, आणि ही तिची त्या दिवसातली दुसरी चूक झाली. बाई स्वयंपाकघरात आली, पिशवी अडकवायला जागा शोधायला लागली, आणि म्हणाली, "मावशी, हा परकर सकाळपासून वाळला नाही?" आणि तिने तो उचलला.

कडी दिसली. चहा उकळत होता. बाईने कडी हातात धरून वजन बघितलं. तट्टाला एवढी कडी कुणी लावत नाही, हे कळायला खात्यात नोकरी लागत नाही.

मावशीने तोंड उघडलं. काहीतरी येत होतं, कडी बोटीच्या नांगराची आहे असं काहीसं. पण त्याआधी सून बोलली.

"मॅडम, कडी त्याचीच आहे. काका खोटं बोलत नाहीत. आणि ही मधली भिंत आम्हाला सोमवारी पाडायची आहे, कारण मला बाळ व्हायचंय आणि मला इथून कुठे जायचं नाहीये. म्हणून आई सकाळपासून तुम्हाला गोष्टी सांगताहेत."

मावशीने चहा ओतला तो कपाबाहेर. सांडलेला चहा ओट्यावरून खाली आला, फरशीवरून उताराने निघाला आणि गटारात गेला. सगळे त्याच्याकडे बघत होते. "ते खिडक्यांचं घर?" मावशीने विचारलं. सून म्हणाली, यांनी फोटो दाखवला म्हणून बघितलं. एवढ्या खिडक्यांना पडदे कोण शिवणार, तुम्ही इथे नि मी तिथे.

बाईला यातलं बरंच कळलं, पण मधलंच एक कळेना. ती म्हणाली, मग पाडा की भिंत, घर तुमचं. मला विचारायचं काय त्यात? फलक रस्त्यावर लागतो. कुणाच्या घराला आम्ही हात लावत नाही.

मावशी म्हणाली, अहो पण खिळा ठोकायला परवानगी लागते ना. त्या मास्तरांना दोरीसुद्धा बांधता येत नाही.

असं कुणी सांगितलं, बाईने विचारलं. न्हाव्याने, मावशी म्हणाली.

तेवढ्यात दाराच्या वरच्या तुकड्यातून दिराने डोकं आत घातलं. चहाचा वास रस्त्यापलीकडे गेला होता. तो म्हणाला, न्हाव्याला मीच सांगितलं ते.

"आणि तुम्हाला?"

खोटं येत नसलेल्या माणसाला कधीकधी गप्प राहायला आवडतं, पण प्रश्न सरळ होता. "तुम्ही, वहिनी. मास्तर कपडे खुर्चीवर का टाकतात म्हणून मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही सांगितलं, फलकामुळे. मास्तर आळशी आहेत म्हणून टाकतात, ते मला नंतर मास्तरीणबाईंनी सांगितलं. पण ते मला कुणी विचारलं नाही."

सुनेने पदर तोंडाशी नेला. बाईने चहाच्या कपात बघितलं. मावशीने कढत कप खाली ठेवला, आठवून बघितलं, आणि मान ताठ केली.

"छे," ती म्हणाली. "मी एवढं साधं सांगितलं नसतं. दोरीचं ठीक आहे. पण मिशाळ पुढाऱ्याचं भूत मी गाळलं नसतं. कुणीतरी मध्ये कापड चोरलंय."

सोमवारी गवंडी आला आणि भिंत पडली. कडी दुसऱ्या बाजूच्या भिंतीत होती म्हणून राहिली.

फलक डोणीपाशी लागला. साहेबाच्या पागेबद्दल त्यावर बरंच काही आहे, बोटीतून आणलेल्या घोड्याबद्दलही आहे, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत असं आहे, की इथे चाचणीसाठी एक तट्टूही असे, गावातले लोक त्याला विचारपुशा म्हणत आणि तो या डोणीशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करी असं सांगतात. ‘असं सांगतात’ हे शब्द बाईने घातले. मावशीला ते खटकले होते, पण तिने मोठ्या मनाने राहू दिले.

आता गाड्या थांबतात. लोक फलक वाचतात, हसतात, मग वळून टायर बघतात, आणि दिराचा धंदा बरा चाललाय. कुणी त्याला विचारलं की काका, हे खरं का हो, तर तो ट्यूब पाण्यात धरून सांगतो, यातलं डोणीचं तेवढं खरं, तट्टू इथे उभं राहायचं हे माझ्या वहिनीने त्या दिवशी दुपारी ठरवलं. लोक आणखी मोठ्याने हसतात. काका फार मिश्कील आहेत, असं एकमेकांना सांगतात.

आणि मग कुणीतरी रस्ता ओलांडून मावशीकडे येतं. मावशी दाराचा वरचा तुकडा उघडून, नात कडेवर घेऊन उभी असते. नातीने लोखंडी कडी हट्टाने धरून धरून तिला आता चांदीसारखी चकाकी आणली आहे, आणि हातात काही नसलं की ती आजीच्या पोलक्याची बटणं ओढते. पाहुणा विचारतो, मग त्या बिचाऱ्या विचारपुशाला आयुष्यात कधी काहीच मिळालं नाही का?

मावशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघते. दीर ऐकत नाहीये ना, एवढं पाहून घेते. मग आवाज खाली आणते.

"फलकावर लिहिलं नाही त्यांनी," ती म्हणते. "पण लाटसाहेबाची म्हणून जी शर्यती जिंकणारी शिंगरं नावाजली ना, त्यातली निम्मी बुटकी होती. मळक्या रंगाची. पुढचे दात बाहेर."